'योत्सुया काइदान', 'ओनिबाबा' की 'कुरोनेको': आधी कोणता पाहाल?

जुने जपानी भुताचे सिनेमे बघायचे आहेत, सुरुवात कुठून करू, असं कोणी विचारलं की मी आधी एवढंच विचारते: तुम्हाला नुसतं दचकायचं आहे, की कोणाचा तरी हिशेब चुकता झालेला बघायचा आहे? कारण 1950 आणि 1960च्या दशकांतल्या या सिनेमांत भूत बहुतेक वेळा बाईचं असतं आणि ते विनाकारण येत नाही. जिवंतपणी जिला कोणी विचारलं नाही, ती मेल्यावर जाब विचारायला येते. सुडासाठी परतलेल्या अशा आत्म्याला जपानीत 'ओन्र्यो' म्हणतात. ती जाब कोणाला विचारते, आणि विचारून झाल्यावर तिच्या पदरात काय पडतं, हे बघत तीन सिनेमे शेजारी ठेवले की कोणता आपला हे आपोआप कळतं.

सगळ्यात सरळ सूड हवा असेल तर नोबुओ नाकागावांचा 'तोकाइदो योत्सुया काइदान' (1959). रंगीत आहे आणि सव्वा तासात संपतो. कथा चौथ्या त्सुरुया नानबोकुच्या 1825च्या काबुकी नाटकाची (काबुकी म्हणजे जपानची एक पारंपरिक रंगभूमी). इएमोन हा धनी नसलेला सामुराई. तो ओइवाच्या वडिलांना मारतो, ते लपवून तिच्याशीच लग्न करतो, आणि पुढे श्रीमंत घरची मुलगी सांगून आल्यावर तान्ह्या बाळाच्या आईला औषध म्हणून विष पाजतो. विषाने तिच्या चेहऱ्याची एक बाजू सुजते, डोळा लोंबतो. मग ती फणी घेते. केसांतून एकदा फणी फिरवली की केसांचा पुंजका मुळासकट हातात येतो, त्याला रक्त लागलेलं असतं, आणि तरी ती पुन्हा फणी लावते. मला त्या प्रसंगात भुतापेक्षा ही सवय जास्त जिव्हारी लागते. जग कोसळतंय आणि बाई केस विंचरते आहे.

मूळ नाटकात एक जागा आहे, ती माहीत असली तर सिनेमा आणखी खोल जातो. इएमोन गहाण टाकण्यासाठी घरातली मच्छरदाणी ओढून नेतो. बाळाला डास फोडून काढतील म्हणून ओइवा ती धरून ठेवते, आणि मच्छरदाणीबरोबर तिची नखं निघून जातात. तिचा खून नुसत्या विषाने होत नाही, तो रोज थोडा थोडा चाललेला असतो. तिकडच्या नाटकवाल्यांच्या मनात ओइवाला इतकं स्थान आहे की हे नाटक बसवण्याआधी कलावंत तोक्योतल्या तिच्या देवळात जाऊन हात जोडतात.

सुडाचं समाधान इथे पुरेपूर मिळतं. इएमोन जिथे बघेल तिथे ती. आपल्या गोष्टींतली हडळ वाटेत सापडेल त्याला धरते. ओइवा नेमकी नवऱ्याच्याच मानगुटीवर बसते. पण माझी तक्रारही तिथेच आहे. जिवंत ओइवा फक्त सोसते, तिची ताकद तिच्या प्रेतापासून सुरू होते. आणि गुन्हा एका नालायक माणसाचा ठरतो. त्याच्या कमरेला तलवार देणारी आणि बायकोला त्याची मालमत्ता मानणारी व्यवस्था मोकळी सुटते. 1998च्या 'रिंगु' या भुताच्या सिनेमातली सादाको तुम्ही पाहिली असेल, तर ते पुढे आलेले केस आणि तो एक डोळा कोणाच्या घरचा, हे मात्र इथे लख्ख कळेल.

भुतांवर विश्वासच बसत नसेल तर 'ओनिबाबा' (1964). दिग्दर्शक कानेतो शिंदो. चौदाव्या शतकातली यादवी, माणसापेक्षा उंच सुसुकी गवत, आणि त्या गवतात एक सासू आणि तिची सून. मुलगा लढाईला धरून नेलेला. वाट चुकलेल्या, जखमी सामुराईंना या दोघी मारतात, प्रेतं एका खोल खड्ड्यात लोटतात आणि चिलखतं देऊन धान्य घेतात. सबंध सिनेमात दोघींना नाव नाही. शेजारच्या हाचीला आहे, चिलखतं विकत घेणाऱ्याला आहे, यांना नाही.

मुलगा मेल्याची बातमी येते. सून रात्री गवत तुडवत हाचीकडे पळू लागते, आणि सासूला कळतं की ही गेली तर एकटीच्या हातून शिकार होणार नाही, म्हणजे उपासमार. शिवाय तिच्या स्वतःच्या अंगातही अजून आग आहे. सासूचं काम करणाऱ्या नोबुको ओतोवा तेव्हा जेमतेम चाळिशीच्या होत्या, आणि एका वठलेल्या झाडाला त्या मिठी मारतात तेव्हा ती सासू म्हातारी नाही हे आपल्याला चटका देऊन जातं. सुनेला घाबरवायला ती एका सामुराईच्या प्रेतावरून हान्न्या मुखवटा काढून घेते. नोह या जुन्या जपानी नाट्यप्रकारात हा मुखवटा मत्सराने राक्षसीण झालेल्या बाईचा. पण इथे तो आधी पुरुषाच्या तोंडावर असतो, हे विसरू नका. पुढे पावसात भिजून तो सासूच्या चेहऱ्याला घट्ट चिकटतो. शिंदो मूळचे हिरोशिमाचे, आणि मुखवट्याखालचा चेहरा रंगवताना त्यांच्यासमोर अणुबॉम्बने भाजलेल्यांचे चेहरे होते.

इथे सूड असा नाहीच, भूक आहे. अमानवी काही आहे का, हेही शिंदो तुमच्यावर सोडतात. एक गोष्ट मला खुपते: दोन बायका एकमेकींच्या आधाराने जगू शकल्या असत्या, पण त्यांच्यात फूट पडायला एक पुरुष पुरतो. सासू-सुनेच्या भांडणाची गोष्ट ऐकून ऐकून मला कंटाळा आलेला आहे. तरी शिंदो त्या भांडणाचं मूळ स्वभावात शोधत नाहीत, रिकाम्या पोटात आणि मुलाला ओढून नेणाऱ्या लढाईत शोधतात, म्हणून मी ते माफ करते.

चार वर्षांनी त्याच शिंदोंनी, त्याच ओतोवांना घेऊन, पुन्हा एक सासू आणि सून उभी केली आणि या वेळी त्यांना नावं दिली. योने आणि शिगे. सिनेमा 'कुरोनेको', म्हणजे काळी मांजर (1968). माझं मत विचाराल तर सुरुवात इथून.

पहिल्या प्रसंगात संवाद नाही. झाडीतून सामुराईंचं टोळकं बाहेर येतं, झऱ्यावर पालथं पडून पाणी पितं आणि झोपडीत शिरतं. आत दोन बायका जेवताहेत. टोळकं आधी त्यांचं अन्न खातं. बलात्कार होतो, आणि कॅमेरा जास्त वेळ खाणाऱ्या, बघणाऱ्या पुरुषांच्या तोंडांवर राहतो. मग ते जसे आले तसे निघून जातात, आणि मागे छपरातून धूर येऊ लागतो. हा प्रसंग जड आहे, तयारीनेच बसा. राखेत पडलेल्या दोघींना घरची काळी मांजर येऊन चाटते.

त्यानंतर क्योतोच्या राजोमोन वेशीपाशी रात्री एक नाजूक बाई उभी असते. बांबूच्या बनातून जायला भीती वाटते, सोबत कराल का, असं ती घोड्यावरच्या सामुराईला विचारते. घरी नेते, साके म्हणजे तांदळाची दारू पाजते, आणि पहाटेपूर्वी त्याचा गळा फोडते. दोघींनी पाताळातल्या शक्तींना वचन दिलेलं आहे: जगातल्या प्रत्येक सामुराईचं रक्त पिऊ. प्रत्येक, म्हणजे ज्यांनी घात केला तेवढेच नव्हे. ओइवाच्या आणि यांच्या सुडात हा फरक आहे. इथे आरोपी एक माणूस नाही, एक जात आहे: हातात शस्त्र आलं की गरिबाचं घर आपलंच समजणारी.

आणि मग त्या भुतांना मारायला पाठवलेला सामुराई योनेचा मुलगा निघतो, शिगेचा नवरा. शेतातून लढाईला ओढून नेलेला, शत्रूचं मुंडकं आणल्यामुळे बढती मिळालेला. ज्याची वाट बघत त्या जगत होत्या, तो परत आला तो त्यांच्या मारेकऱ्यांच्या वेषात. वचन त्यालाही लागू आहे. आई आणि बायको या पेचाला वेगवेगळं उत्तर देतात, त्यातल्या एकीचं सात रात्रींत मोजलं जातं. पुढचं सांगत नाही. पण मेलेल्या बाईलाही सुडापलीकडे काही हवं असू शकतं, हे या तिघांपैकी फक्त 'कुरोनेको'च विचारतो. 1968मध्ये तो कान महोत्सवाच्या स्पर्धेत होता, पण त्या वर्षीच्या आंदोलनामुळे महोत्सव मध्येच बंद पडला.

या यादीत मिझोगुचींचा 'उगेत्सु' (1953) का नाही, असं विचारणारे असतीलच. चित्रपट म्हणून तो कदाचित या सगळ्यांहून थोर आहे, व्हेनिस महोत्सवात त्याला रौप्य सिंह पुरस्कार मिळाला तो उगाच नाही. पण त्यातल्या बायका सूड घेत नाहीत. कुंभाराची बायको, मियागी, सगळं सोसून वर घर सांभाळते. तो दुःखाचा सिनेमा आहे, आणि सुडाच्या शोधात असलेल्या माणसाने तो पहिला पाहिला तर त्या सिनेमावर अन्याय होतो. कोबायाशींचा 'क्वाइदान' (1964) तीन तासांचा, चार कथांचा. त्यातली काळ्या केसांची पहिली कथा तेवढी या विषयाची.

तेव्हा हाताशी सव्वाच तास असेल आणि खलनायकाला शिक्षा झालेलीच बघायची असेल, तर नाकागावा. भुताचं नाव काढलं की सिनेमा बंद करणारं कोणी सोबत असेल तर 'ओनिबाबा'. पण त्यात नग्नता बरीच आहे, घरच्या मोठ्यांसोबत बसणार असाल तर विचार करा. बाकी सगळ्यांना 'कुरोनेको', आणि जमलं तर त्याच आठवड्यात 'ओनिबाबा', म्हणजे ओतोवांनी एकच नातं दोन टोकांना कसं नेलंय ते ताजं राहील. दिवे मालवून बघा, कृष्णधवल चित्रात बांबूंच्या मागचा काळोख टीव्हीवर उजेडात दिसतच नाही. आणि योने पाठमोरी बसलेली असताना तिच्या लांब केसांकडे लक्ष ठेवा. वारा नसतो, ती हलत नसते, आणि केसांचं टोक मांजराच्या शेपटीसारखं एकदाच उडतं.