गुंडूचं दुखणं आकड्यांत मांडणारा दवाखाना
★★★★☆

लोकमान्यनगरच्या बाजूला कुत्र्यामांजरांचा हा छोटासा दवाखाना आहे. आमचा लॅब्रॅडॉर गुंडू म्हातारा झालाय, मागच्या पायांच्या सांध्यांची झीज झालीय आणि वजन भरपूर. (इंदूर आहे, गल्लीतलं प्रत्येक घर त्याला काहीतरी भरवतं.)

आधी जिथे जायचो तिथे "फरक वाटतो का?" एवढाच प्रश्न आणि पुढच्या गोळ्या. इथल्या डॉक्टरबाईंनी औषधाआधीच 'कॅनाइन ब्रीफ पेन इन्व्हेंटरी' भरायला दिली. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तयार झालेली अकरा प्रश्नांची यादी आहे ती. गेल्या सात दिवसांत दुखणं सगळ्यात जास्त किती होतं, कमीत कमी किती, उठताना-चालताना-जिना चढताना किती अडलं, याला शून्य ते दहा गुण. शेवटी एकूण तब्येत कशी, ते वेगळं.

मग रक्त तपासून, किडनी-लिव्हर ठीक बघून मेलॉक्सिकॅम हे दुखणं कमी करणारं औषध सुरू केलं. पुढच्या भेटीत तोच कागद परत. दुखण्याची सरासरी किमान एकाने आणि अडचणीची किमान दोनने उतरली, तरच औषध लागू पडलं म्हणायचं. गुंडूची दोन्ही उतरली.

एवढा खटाटोप कशाला, तर बाईंनी सांगितलं की 2012 साली अमेरिकेत एक अभ्यास छापून आला. त्यात औषध नसलेली गोळी दिलेल्या लंगड्या कुत्र्यांची चाल फोर्स प्लेटवर, म्हणजे पाय किती जोराने टेकतो ते मोजणाऱ्या पट्टीवर, मोजली होती. चाल सुधारलेली नसतानाही मालकांना निम्म्याहून जास्त वेळा ती सुधारल्यासारखी वाटली. डॉक्टरही फसले, जरा कमी. गुण देऊनही मन फसू शकतंच, म्हणून त्या दर वेळी दारापासून वजनकाट्यापर्यंत चालण्याचा व्हिडिओ घेतात आणि जुना व्हिडिओ शेजारी लावून दाखवतात. हे मला सगळ्यात पटलं. वजनही दर वेळी होतं, आणि खाण्यावरून बोलणीही.

कागद दर वेळी एकाच माणसाने भरायचा असतो. दिवसभर गुंडूजवळ सासूबाई असतात, पण कागद इंग्रजीत. मी वाचून दाखवलं तर म्हणाल्या, "दहापैकी? मी काय पेपर तपासतेय?" शेवटी भरले त्यांनीच, आणि माझ्यापेक्षा कडक गुण दिले.

एक तारा कापला तो फरशीसाठी. सांधे दुखणाऱ्या कुत्र्यांच्या दवाखान्यात असली गुळगुळीत टाइल? काट्यापाशी एक रबरी पट्टी आहे, ती दारापर्यंत आणा. रविवारी बंद. गाडी लावायला जागा नाही, ऑटोने जा.