सहा ट्रेचा डीहायड्रेटर (फळं-भाज्या वाळवायचं यंत्र): चौदा महिने वापरून झाल्यावर

यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेत टोमॅटोपुढे एवढंच छापलं आहे: ७० अंश, ८ तास. कुठला टोमॅटो, चकती किती जाड, बाहेर पावसाची हवा आहे की कोरडी, याचा पत्ता नाही. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. एखाद्या मुलाने प्रयोगाच्या वहीत असं उत्तर लिहून आणलं असतं तर वही तशीच परत गेली असती. पण यंत्र नवं, उत्साह नवा, म्हणून पहिल्या दिवशी मी मुकाट्याने पुस्तिकेचं ऐकलं. आठ तासांनी चकत्या वरून कडक लागल्या. कौतुकाने बरणी भरली, झाकण घट्ट लावलं, आणि बाराव्या दिवशी आत पांढरी लव उगवलेली दिसली.

चूक माझीही होतीच. फार तापवलं की चकतीची वरची बाजू आधी सुकून आवळते आणि आतल्या पाण्याची बाहेर यायची वाट बंद होते. बोटाला कोरडं लागतं, पोटात ओल राहते. ती ओल नंतर बरणीत सावकाश बाहेर येते आणि बुरशीला आयतं घर मिळतं. हे मला ठाऊक असायला हवं होतं. पुस्तिका लिहिणाऱ्याला तर नक्कीच.

तर आता यंत्राबद्दल. एकावर एक बसणारे सहा गोल ट्रे, खाली ५०० वॅटचा हीटर आणि पंखा, ३५ ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापमान, ४८ तासांचा टायमर. प्लास्टिक जाड आहे, चौदा महिन्यांत कुठे वाकलं नाही की पिवळं पडलं नाही. झाकण मात्र सैल बसतं, मी त्यावर एक जड बशी ठेवते.

पंखा तळाशी असण्याचा तोटा व्हायचा तो होतो. ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर एकेका ट्रेवर ठेवून पाहिला. यंत्रावर ५७ अंश लावले असताना सर्वांत खालच्या ट्रेवर ६३ आणि सर्वांत वरच्यावर ४९ निघाले. म्हणजे खालचे करपायच्या बेतात असतात तेव्हा वरचे नुसते ऊब घेत बसलेले असतात. उपाय सोपा आहे, दर दोन-अडीच तासांनी ट्रे खालीवर करायचे. पण मग ‘लावा आणि विसरा’ हे खोक्यावरचं वाक्य कशाला? ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी पाठीमागे पंखा असलेला चौकोनी प्रकार पाहावा. त्यात वारा आडवा वाहतो आणि सगळ्या ट्रेंना साधारण सारखा मिळतो.

माझी गाडी रुळावर आली ती तराजूमुळे. पुस्तिका बाजूला ठेवली आणि स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा पुढे ओढला. प्रत्येक रिकाम्या ट्रेचं वजन त्याच्याच कडेवर न पुसणाऱ्या पेनने लिहून ठेवलं आहे. आता गणित करा. सफरचंदाच्या फोडी सोलून, बिया काढून ८५० ग्रॅम भरल्या. सफरचंदात साधारण ८५ टक्के पाणी असतं, म्हणजे त्यात खरा ऐवज १२८ ग्रॅमच्या आसपास. वाळलेल्या फळात २० टक्के पाणी राहिलं तर चालतं, म्हणून १२८ भागिले ०.८, बरोबर १६०. काटा १६० च्या जवळ येईपर्यंत यंत्र चालू ठेवायचं, मग ८ तास होवोत की १३. कोरड्या हवेत माझं ९ तासांत झालं आहे आणि भर पावसात १४ लागले आहेत. यंत्र ओली हवाच आत ओढून तापवत असतं, त्याला तरी दुसरं काय करता येणार.

भाज्यांना २० टक्के चालत नाही, १० टक्क्यांच्या आसपास आणाव्या लागतात, वाकवलं की मोडलं पाहिजे. फळातली साखर उरलेलं पाणी धरून ठेवते, ते जंतूंच्या हाती लागत नाही. भाजीत तेवढी साखर नसते, त्यामुळे उरलेलं पाणी मोकळंच असतं. टोमॅटोत जवळजवळ ९५ टक्के पाणी, त्यामुळे एक किलोचे ६० ग्रॅमच्या आसपास उरतात. पहिल्यांदा हा आकडा पाहून यंत्राने टोमॅटो खाल्ले की काय असं वाटतं.

तापमानही मी पुस्तिकेतलं सोडून दिलं. फळं ५७ अंशांवर, भाज्या ५२ च्या आसपास, पुदिन्यासारखी पानं ३५ वर. त्याहून वर नेलं तर पानांचा वास हवेत जातो. घरभर छान वास सुटला की समजावं, तेवढा बरणीतून वजा झाला.

यंत्रात टाकण्याआधीचा अर्धा तास फार महत्त्वाचा आहे आणि तिथेच लोक आळस करतात. गाजर, फरसबी, मटार यांना आधी उकळत्या पाण्यातून किंवा वाफेवरून काढायलाच हवं. भाजी खुडली तरी तिच्यातली विकरं (एन्झाइम) कामाला लागलेलीच असतात, रंग, वास, पोत सगळं हळूहळू पोखरतात. वाळवून किंवा गोठवून ती थांबत नाहीत, मंदावतात. उष्णतेने बंद पडतात. मी गाजराच्या चकत्या तीन-साडेतीन मिनिटं वाफवते आणि लगेच बर्फाच्या पाण्यात टाकते, नाहीतर त्या आपल्याच उष्णतेत शिजत राहतात. एकदा घाईत अर्धी गाजरं वाफवली, अर्धी तशीच टाकली. चार महिन्यांनी दोन बरण्या शेजारी ठेवल्या तर एकीत गाजर होतं आणि दुसरीत फिकट, गवतासारख्या वासाचं काहीतरी. कांदा, लसूण आणि मशरूम यांना वाफवायची गरज नाही. सफरचंद आणि केळ्याच्या फोडी लिंबाच्या पाण्यात पाच-दहा मिनिटं ठेवल्या की काळवंडत नाहीत.

द्राक्षांनी मला दमवलं. अख्खी द्राक्षं टाकली आणि ३० तासांनंतरही ती टम्म फुगलेली, जणू यंत्र चालू नव्हतंच. सालीवर मेणासारखा थर असतो, पाणी त्याच्या पलीकडे जाऊ शकत नाही. दुसऱ्या खेपेला अर्धा-एक मिनिट उकळत्या पाण्यात बुडवली, लगेच गार पाण्यात. सालीला बारीक चिरा पडल्या आणि काम सुरू झालं. तरी २२ तास लागलेच. विजेच्या मीटरवर ते पाहून मनुका विकतच्या बऱ्या असं मत झालं आहे.

बाहेर काढल्यावर लगेच बरणी बंद करून कपाटात टाकू नका. वाळलेली फळं काचेच्या बरणीत दोन तृतीयांशच भरायची, आठ-दहा दिवस रोज हलवायची. काही फोडी जास्त कोरड्या असतात, काही कमी, या दिवसांत त्यांची आपसात वाटणी होते. काचेवर आतून दव दिसलं की पुन्हा ट्रेवर. ही पायरी केली असती तर पहिल्या टोमॅटोंचं बिंग तिसऱ्याच दिवशी फुटलं असतं. आमच्याकडे अडचण वेगळी आहे: सफरचंदं दहा दिवस टिकतच नाहीत. नवरा येता-जाता ‘तपासतो’. एकदा तर १६० ग्रॅमचे १४० झाले आणि मी खुळी गणितात चूक शोधत बसले.

आता माझी खरी तक्रार. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर झकास फोटो आहे: अर्धवट वाळवलेले टोमॅटो, लसणाच्या पाकळ्या, हिरवी पानं, सगळं तेलात बुडवलेलं. खाली लिहिलं आहे की ही बरणी ओट्यावर सहा महिने राहते. हे वाचून माझा चहा गार झाला. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या, जीवघेणं विष तयार करणाऱ्या जीवाणूला हवा नको असते, ओल हवी असते आणि आंबटपणा कमी लागतो. तेलाखाली हवा नाही, अर्धवट वाळलेल्या टोमॅटोत ओल आहे, लसूण आणि पानांत आंबटपणा नाही. टोमॅटोचाही भरवसा नको, त्याचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, ४.६ या सुरक्षिततेच्या सीमारेषेच्या अल्याड-पल्याड असतो. जीवाणूचे बीजाणू साध्या उकळीने मरत नाहीत, त्यांना दाबाखालचे १२१ अंश लागतात. आणि विष तयार झालं तरी वास किंवा चव बदलेलच असं नाही, त्यामुळे ‘हुंगून पाहिलं, ठीक होतं’ याला अर्थ नाही. अशी तेलातली बरणी करायचीच असेल तर फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-चार दिवसांत संपवा.

यंत्राबरोबर मोफत मिळालेला हवा काढायचा हातपंप आणि त्याची झाकणं यांचंही तेच. पूर्ण वाळलेल्या जिनसांना उत्तम. नीट न वाळलेल्या मशरूमची हवा काढून ठेवणं म्हणजे त्याच जीवाणूला आवताण. हवा काढल्याने ओलं कोरडं होत नाही. कंपनीला मी या पानाबद्दल दोनदा कळवलं. दोन्ही वेळा उत्तर आलं की माझं मत त्यांच्यासाठी मोलाचं आहे. निकोला अपेर या फ्रेंच माणसाने बाटलीत बंद करून तापवलेलं अन्न टिकवायची रीत १८१० मध्ये छापली, तेव्हा ती का चालते हे त्यालाही माहीत नव्हतं. अन्न जंतूंमुळे नासतं हे दाखवणारा पाश्चर पुढे पन्नासेक वर्षांनी आला. पण अपेरने निदान वर्षानुवर्षं स्वतः करून पाहिलं होतं.

सगळंच वाळवायचा हट्टही मी सोडला आहे. मटार या यंत्रातून छर्रे होऊन निघतात, रात्रभर भिजवले तरी दाताखाली येतात. त्यांची जागा फ्रीझरमध्ये. दीड-दोन मिनिटं उकळत्या पाण्यात, मग बर्फाच्या पाण्यात, मग फडक्यावर कोरडे करून ताटात एका थरात पसरायचे आणि गोठल्यावरच पिशवीत भरायचे. पातळ थर लवकर गोठतो, बर्फाचे कण बारीक राहतात, दाण्याची पेशी कमी फाटते. पिशवीचा गड्डा करून ठेवला तर मधले दाणे तासन्‌तास रेंगाळतात आणि शिजवताना लगदा होतात. फ्रीझर उणे १८ अंशांवर असला की माझे मटार दहा महिने छान राहिले आहेत. पालक दोन्हीकडे बरा. वाळवला तर कुस्करून सूपमध्ये टाकायला सोपा, पण वरच्या ट्रेवर जाळी घाला. माझी पानं वाळून इतकी हलकी झाली की उडून मधल्या भोकातून थेट पंख्यावर गेली आणि मग अर्धा दिवस यंत्र खोलण्यात गेला.

मशरूमसाठी मात्र मी हे यंत्र पुन्हा विकत घेईन. पाच मिलिमीटरच्या चकत्या, ५२ अंश, सात-आठ तास. चव इतकी दाटते की ताज्यापेक्षा वाळवलेलेच घालावेसे वाटतात. कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवायचे आणि ते पाणी फेकायचं नाही.

आवाज चालत्या टेबलफॅनएवढा आहे, झोपायच्या खोलीशेजारी नको. सफरचंदांच्या एका खेपेला १० तासांत ३.४ युनिट वीज गेली, मोजणारा प्लग लावून पाहिली आहे. कांदा एकटाच वाळवा. मी एकदा खाली कांदा आणि वर नासपती ठेवली होती. ती नासपती कुणी ‘तपासली’ नाही. आंब्याचा रस चिकटलेले ट्रे लगेच गरम पाण्यात बुडवले तर पाच मिनिटांचं काम, सकाळपर्यंत ठेवले तर नखांनी घासावे लागतात. आणि काचेच्या बरण्या ओळीने मांडून ठेवायचा मोह आवरा, उजेडात गाजराचा रंग उतरतो आणि त्याबरोबर अ जीवनसत्त्वही. माझ्या बरण्या कपाटात, अंधारात, वर वजन आणि तारीख लिहिलेली.

पाचपैकी साडेतीन तारे. यंत्राला चार दिले असते, अर्धा त्या शेवटच्या पानाने खाल्ला. झाडाखाली टोपलीभर फळं पडतात आणि आठवड्यात संपत नाहीत, अशा घराने जरूर घ्यावं. महिन्यातून एकदा चार सफरचंदं वाळवायची असतील तर ओव्हनचं दार किंचित उघडं ठेवून काम भागतं, फक्त त्याचं सर्वांत कमी तापमान किती आहे ते आधी पाहा, कित्येक ओव्हन ६० च्या खाली उतरतच नाहीत. घेतलंत तर यंत्राबरोबर ग्रॅमचा काटा आणि एक न पुसणारं पेनही घ्या, आणि पहिलं सफरचंद चिरायच्या आधी सहाही ट्रेंची वजनं लिहून टाका. नंतर ते चिकट असतात.