बाबांची जीप आणि पाटी नसलेलं गॅरेज

जीप दुरुस्त होऊन घरी आली त्याला पाच महिने झाले. आली त्याच आठवड्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं, म्हणून एक अख्खा पावसाळा जाऊ दिला. इंजिन किती तेल खातं, ब्रेक कुठल्या बाजूला ओढतो, गारठ्यात पहाटे सेल्फवर किती वेळा पाय द्यावा लागतो, हे आता मला नीट माहीत आहे.

गॅरेज साताऱ्याच्या अलीकडे, हायवे सोडून आत, उसाच्या फडांना लागून. बाहेर पाटी नाही. मालक फौजेत ईएमईमध्ये हवालदार होते. ईएमई म्हणजे लष्कराच्या गाड्या आणि यंत्रं दुरुस्त करणारी कोअर. त्यांची काही वर्षं खडकीच्या बेस वर्कशॉपमध्ये गेली. आमच्याकडे फौजेतून परतलेल्या माणसाला गाव 'मेजर'च म्हणतं, तसे हेही मेजर. नाव छापू नका म्हणाले. फोन वाढले की हातातलं काम राहतं, असं त्यांचं म्हणणं. साताऱ्याच्या बाजूला जुनी जीप चालवणाऱ्या कुणालाही विचारा, तो वाट दाखवेल.

बाबा विहिरींची कंत्राटं घ्यायचे. १९६२ साली त्यांनी ही जीप एका साखर कारखान्याकडून घेतली, आणि कारखान्याने ती डिस्पोजलमधून उचलली होती. दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकी फौजेचं जे सामान इकडे राहिलं, ते असं विकलं गेलं. जीप अमेरिकी असल्यामुळे स्टिअरिंग डावीकडे. उजवीकडे वळायचं असलं की उजव्या सीटवरच्या माणसाने हात बाहेर काढायचा, आणि तो माणूस बहुतेक वेळा मी असायचे. आठ वर्षांची. बाबा नुसतं "हात" म्हणायचे. १९९८ला जीप गोठ्याच्या पडवीत उभी राहिली ती राहिलीच. मी पशुवैद्यक खात्यात नोकरी केली, निवृत्त झाले, फंडाचे पैसे हातात आले आणि पहिली आठवण जीपची झाली.

मेजरांकडे जाण्याआधी मी ती पुण्याजवळच्या एका मोठ्या गॅरेजला दिली होती. तिथे तीन आठवडे राहिली. त्यांचा प्रस्ताव असा: सगळी बॉडी नवी पत्र्याची, वायरिंग बारा व्होल्टची, पुढे डिस्क ब्रेक, रुंद टायर, आणि वरून फौजी रंग. "ओरिजिनलपेक्षा भारी दिसेल," असं तिथल्या मुलाने सांगितलं. मी जीप परत आणली. डॅशवर धातूच्या तीन पाट्या होत्या, त्यातली एक तिथेच गहाळ झाली. कोणता गिअर कोणत्या वेगाला टाकायचा हे लिहिलेली ती पाटी बाबा मला वाचायला लावायचे. तिचं दुःख अजून आहे.

मेजरांनी पहिल्या दिवशी खर्चाचा आकडा काढलाच नाही. रॉकेलचा डबा, तारेचा ब्रश आणि बॅटरी घेऊन ते गाडीखाली गेले. अडीच तासांनी बाहेर आले आणि म्हणाले, "ताई, ही एक गाडी न्हाई. दोन हायत."

मग मला खाली वाकवून दाखवलं. विलीज ही जीप बनवणारी अमेरिकी कंपनी. तिच्या चॅसीला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, पुढचा आडवा दांडा गोल पाइपचा असतो. आमचा चौकोनी, उलट्या पन्हाळीसारखा. म्हणजे चॅसी फोर्डची. युद्धात जीपची मागणी एवढी वाढली की विलीजच्या आराखड्यावर फोर्डलाही गाड्या बांधायला दिल्या. दोघांच्या मिळून सहा लाखांहून जास्त झाल्या. फोर्डच्या गाडीचं नाव जीपीडब्ल्यू, त्यातला शेवटचा डब्ल्यू विलीजच्या आराखड्याचा. फोर्डने आपल्या सुट्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरसुद्धा, एफ हे अक्षर ठोकलं. मेजरांनी ब्रश मारून एक बोल्ट उजळला, आणि साठ वर्षं आमच्या घरात असलेलं ते अक्षर मी पहिल्यांदा पाहिलं. डाव्या बाजूच्या चॅसीवर, इंजिनाच्या माउंटिंगजवळ, नंबरही सापडला. पेन्सिलने घासून त्यांनी त्याचा ठसा कागदावर घेतला.

पण बॉडी फोर्डची नव्हती. मागच्या पत्र्यावर कुणीतरी लांबीचा, म्हणजे खड्डे बुजवायच्या पुट्टीचा, बोटभर थर भरला होता. तो काढल्यावर पत्र्यात उठवलेली अक्षरं वर आली: विलीज. हे नाव मागच्या पत्र्यावर फक्त सुरुवातीच्या गाड्यांना होतं, १९४२च्या मध्यानंतर ते बंद झालं. बाबा आयुष्यभर 'विलीज' म्हणायचे ते निम्मं खरं होतं.

यापुढे जे घडलं त्यासाठीच मी हे लिहायला घेतलं. मेजरांनी विचारलं, "ह्यातली कुठली गाडी पायजे?" फोर्डची बॉडी शोधून आणता आली असती. मग कागदावर आणि नजरेला ती एकसंध फोर्ड झाली असती, किंमतही वाढली असती. मी म्हटलं, बाबांची पाहिजे. ते एवढंच म्हणाले की बेस वर्कशॉपात पन्नास गाड्या एकदम सुट्या केल्या की कुठली बॉडी कुठल्या चॅसीवर जायची याचा हिशेब कुणी ठेवत नसे, तेव्हा हीसुद्धा फौजेचीच रीत आहे. बिलावर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं: 'चॅसी फोर्ड, बॉडी विलीज, इंजिन बाहेरून आणलेले.' जुन्या गाडीच्या कागदावर इतकं खरं लिहिणारा दुसरा माणूस मला भेटलेला नाही.

इंजिनाचं सांगते. पेट्रोल परवडेना म्हणून बाबांनी मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसवून घेतलं होतं, तेव्हा सगळेच बसवत. मूळ इंजिन भंगारात गेलं. मेजरांनी दोन पाहिली. पहिलं कुर्ल्याच्या भंगार बाजारातलं, वरून छान रंगवलेलं. त्यांनी ब्लॉक रॉकेलने भिजवला, पुसला, खडूची पूड लावली आणि आम्ही चहा प्यायला गेलो. परत आलो तर पांढऱ्या खडूवर केसासारखी काळी रेघ उमटली होती. तडा. ते नाकारलं. दुसरं सांगोल्याकडे एका विहिरीवर पंप ओढायला लावलेलं मिळालं. पुढचं झाकण उघडून त्यांनी टायमिंग, म्हणजे क्रँकच्या (इंजिनातल्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) गतीला व्हॉल्व्हची उघडझाप जोडणारी यंत्रणा, पाहिली: चेन होती. युद्धानंतरच्या काळात कंपनीने चेनऐवजी दातेरी गिअर घातले, त्यामुळे चेन निघाली म्हणजे इंजिन युद्धातलं, फार तर लगेच नंतरचं. २१९९ सीसी, चार सिलिंडर, व्हॉल्व्ह डोक्यावर नसून बाजूला, ६० अश्वशक्ती. सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून किंचित रुंद करून, त्या मापाचे ओव्हरसाइज पिस्टन घातले, क्रँक साताऱ्यातच ग्राइंड केला. बाबा विहिरी खणत, आणि त्यांच्या जीपला इंजिन विहिरीवरून आलं. याचं मला फार बरं वाटतं.

इंजिनाला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपाचा रबरी पडदा आणि सगळ्या नळ्या त्यांनी इथेनॉल सोसणाऱ्या घातल्या. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, जुनं रबर त्यात फुगतं आणि मऊ पडतं. तुमची गाडी कुठेही असली तरी हे काम आधी करून घ्या.

वायरिंग सहा व्होल्टचीच ठेवली. सहा व्होल्टच्या गाड्या सुरू व्हायला त्रास देतात अशी ओरड असते. मेजरांचं म्हणणं, दोष व्होल्टेजचा नसतो. तेवढ्याच कामाला सहा व्होल्टला दुप्पट करंट लागतो, आणि लोक बारा व्होल्टच्या बारीक केबल वापरतात. त्यांनी करंगळीएवढी जाड केबल टाकली, अर्थिंगच्या जागा पत्रा चमकेपर्यंत घासल्या. माझी जीप दुसऱ्या-तिसऱ्या दाबाला सुरू होते. किल्ली नाहीच, युद्धातल्या बहुतेक जीपना स्विचची नुसती कळ असते. सेल्फ पायाने दाबायचा.

बॉडीत सगळ्यात मोठं काम खालचं निघालं. फरशीच्या पत्र्याखाली जे आडवे चॅनेल असतात त्यांच्या आत कंपनीने लाकूड भरलेलं असतं. ते लाकूड पाणी धरतं, पत्रा आतून सडतो आणि वरून काहीच कळत नाही. आमच्या चॅनेलमधून काळा चिखल निघाला. मेजरांनी सागाच्या पट्ट्या जवसाच्या तेलात आठवडाभर बुडवून घातल्या. फरशीचा सडलेला भाग कापून तेवढ्यालाच ठिगळ जोडलं, बाकी पत्रा जुना. ड्रायव्हरच्या बाजूला बाबांच्या पहारीने पडलेला पोचा आहे. "काढू?" म्हणून त्यांनी फोन केला. नको म्हटलं. तो तसाच आहे.

रंगावर मात्र आमचं थोडं वाजलं. मला फौजेचा हिरवा हवा होता. ते तयार होईनात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१ क्रमांकाचा नियम त्यांना पाठ आहे: संरक्षण खात्याच्या गाडीशिवाय कुठल्याही गाडीला ऑलिव्ह ग्रीन लावता येत नाही. पुष्कळ लोक लावतात, मी म्हटलं. "लावूंद्यात," म्हणाले, "माझ्या दारातून जाणार न्हाई." मग त्यांनी बॉनेटवर तळहाताएवढी जागा हलक्या हाताने घासली आणि थर मोजले. वर बाबांचा शेवटचा मरून, त्याखाली करडा, त्याखाली कारखान्याचा पिवळट, आणि अगदी तळाशी तो तपकिरीकडे झुकणारा फौजी हिरवा. मी करडा निवडला. मला आठवते ती जीप करड्या रंगाचीच आहे. ग्लोव्ह बॉक्सच्या आतला हिरवा त्यांनी हात न लावता राखला. झाकण उघडलं की तो दिसतो.

आता तक्रारी. अकरा महिने सांगितले होते, वीस लागले. त्यातले चार इंजिन शोधण्यात गेले हे मान्य, पण बाकीच्या उशिराचं कारण कधी कळवलं नाही. ते फोन उचलत नाहीत, संध्याकाळी सातनंतर स्वतः करतात. साडेसहा लाखांचा अंदाज आठ लाख नव्वद हजारांवर गेला. हिशेब चिठ्ठ्यांवर असतो. एकही चिठ्ठी खोटी नव्हती, मी प्रत्येक तपासली, पण मधूनमधून एकत्र बेरीज मिळाली असती तर मला पैशांची तजवीज करता आली असती. मागच्या पत्र्यावर रंगाचा एक ओघळ आहे. हूडचं कापड पावसाच्या दोन सरींतच शिवणीत गळायला लागलं, ते त्यांनी बाहेरून शिवून घेतलं होतं. आरटीओचं काम ते अजिबात करत नाहीत. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ला विंटेजची वेगळी नोंदणी सुरू झाली, ती माझी मी केली. जुना, बीने सुरू होणारा मुंबई राज्याचा नंबर कायम ठेवता आला. या नोंदणीवर रोज चालवायची परवानगी नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्तीपुरतीच गाडी रस्त्यावर काढता येते. भाजी आणायला जीप हवी असेल तर हा मार्ग तुमचा नाही.

चालवायला कशी आहे? पंचेचाळीस-पन्नासला खुशीत असते, त्यापुढे स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून ठेवावं लागतं. पहिला गिअर गाडी उभी असतानाच टाकायचा, चालत्या गाडीत तो करकरतो. ब्रेक चारही चाकांना ड्रमचे आणि सगळ्यांची तेलाची लाइन एकच, म्हणून पुढच्या गाडीपासून मी दुप्पट अंतर ठेवते. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते, त्यामुळे पंपावर खाली उतरून गादी उचलावी लागते आणि भोवती पोरं जमतात. त्यांना मी हेडलाइटचा स्क्रू सैल करून दिवा उलटा फिरवून दाखवते. रात्री इंजिनाचं काम करायला उजेड मिळावा म्हणून ती सोय आहे. अंधारात टॉर्च तोंडात धरून मी गाईची प्रसूती केलेली आहे, त्यामुळे हा दिवा ज्याला सुचला त्याच्याविषयी मला मनापासून आदर आहे.

नवीन दिसणारी जीप हवी असेल त्यांनी मेजरांकडे जाऊ नये, दोघांचाही वेळ जाईल. आपल्या घरातली गाडी आहे तशी उभी करायची असेल त्यांनी जावं. जाताना गाडीचे जुने फोटो न्या, लग्नातल्या वरातीचे असले तरी चालतील. माझ्या आत्याच्या लग्नातल्या फोटोवरून त्यांनी सुट्या चाकाची जागा ठरवली.

क्रँकच्या मागच्या बाजूने तेल ठिबकतं. तिथे या इंजिनाला दोरीचं पॅकिंग असतं, ते बसायला वेळ लागतो असं मेजर म्हणाले होते, पण पाच महिने झाले आणि रोज सकाळी खालच्या पुठ्ठ्यावर रुपयाएवढा डाग असतोच. फोनवर सांगितलं तर म्हणाले, घेऊन या, पैसे नाहीत त्याचे. पंधरा ऑक्टोबर सोडून कधीही. त्या दिवशी ईएमई डे, गॅरेज बंद असतं. मी सतराला जाते आहे. भाचीची नऊ वर्षांची मुलगी उजव्या सीटवर बसणार आहे, तिला हात दाखवायला शिकवलाय.