एस्टीमला गावठी स्ट्रट बार, मेड इन उद्यमनगर: रिव्ह्यू

पाचातले चार मार्क. एक कापलाय तो फिनिशिंगचा, कारण वेल्डिंगचे स्पॅटर (उडून चिकटलेले थेंब) न काढताच कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वेल्डिंगवाल्या मामांनी वरून काळा इनॅमल फासून दिला आणि आता बॉनेट उघडलं की बघणाऱ्याची पहिली नजर तिथंच जाते. पण काम म्हणाल तर एकदम कडक, आणि पुढचा-मागचा दोन्ही बार (डाव्या-उजव्या सस्पेन्शनची वरची टोकं जोडणारे आडवे पाईप), प्लेट, नटबोल्ट, मजुरी सगळं मिळून चार हजाराच्या आत झालं, त्यामुळं नाव ठेवायला तोंड नाही.

गाडी आहे एस्टीम, एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शन) वाली, ८५ बीएचपीची. २००७ ला मारुतीने ही बंद केली, त्यामुळं जी काही शिल्लक आहेत ती सगळी म्हातारी झालीयत. वजनाला नऊशे किलोच्या आत, पत्रा पातळ, बॉडी मोनोकॉक म्हणजे वेगळी चासी नाहीच, पत्र्यालाच पत्रा स्पॉट वेल्डने जोडून सगळा सांगाडा केलेला. त्यावर आपण करतो काय, तर स्प्रिंगा कडक टाकतो, टायर एक साईज रुंद टाकतो, आणि मग करूळ घाटात वळणावर गाडी आधी थोडी अंग चोरते आणि मग वळते असं वाटायला लागतं, डॅशबोर्ड करकरतो, दाराचं बीडिंग कुईकुई करतं. तर ही जी थोडी मऊ पडलेली बॉडी आहे ती कमी पैशात किती आवळता येते, एवढाच विषय.

पण त्याआधी एक सांगतो, बार लावायच्या आधी लोअर आर्मचे (चाक बॉडीला जोडणारा खालचा दांडा) बुश म्हणजे रबरी सांधे, स्ट्रट माउंटिंग आणि इंजिन माउंटिंग बघून घ्या. माझे लोअर आर्मचे बुश संपलेले होते, ते बदलल्यावर निम्मी तक्रार तिथंच मिटली, बार नंतर आला. कित्येकजण बुश तसेच ठेवून बार लावतात, वर नवीन अलाइनमेंट करून घेतात आणि मग फरकाचं सगळं श्रेय बारला देतात.

आता बार. पुढच्या दोन स्ट्रटची (स्प्रिंग आणि शॉकअॅब्सॉर्बर एकत्र असलेला खांब) वरची टोकं जिथं बॉडीला बोल्ट होतात ते टॉवर, त्या दोघांना आडव्या पाईपने जोडायचं, बास. वळणावर आणि खड्ड्यात हे टॉवर एकमेकांच्या तुलनेत आत-बाहेर हलतात, तेवढा कॅम्बर म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल बदलतो, तेवढं स्टिअरिंग बुळबुळीत. पाईपने ते हलणं धरायचं. एस्टीमला पुढंही स्ट्रट आणि मागंही स्ट्रट असल्यामुळं दोन्हीकडं बार बसतो, ही या गाडीची मजा. ज्या गाड्यांना मागं टॉर्शन बीम म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा एकच आडवा बीम आहे (स्विफ्ट वगैरे), तिथं मागच्या बारला फार अर्थ उरत नाही, तरी लोक लावतात, रंग चांगला असतो म्हणून.

तयार बार घ्यायचा असेल तर मलेशियाचे अल्ट्रा रेसिंग आहेत, जपानचे कुस्को आहेत, मित्राच्या गाडीत बघितलेत, दर्जेदार माल आहे. पण आपल्या एस्टीमसाठी बाहेरून मागवायचा, त्यात तो इथल्या एअर फिल्टरच्या डब्याला अडेल का नाही याची खात्री नाही, वर कस्टम आणि कुरिअर. त्यापेक्षा उद्यमनगरात जायचं. कोल्हापुरात राहून पाईपला पाईप जोडायला परदेशातून मागवायचं म्हणजे लाज आणायची कामं.

मामांच्या शेडमध्ये तसं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं आणि गुऱ्हाळाच्या सामानाचं काम चालतं, गाडीचं काम बघून आधी ते हसलेच. "एवढ्याशा पाईपनं काय हुतंय?" असं म्हणाले, पण एकदा मनावर घेतल्यावर माणूस हटत नाही. आधी पुठ्ठ्याचं टेम्प्लेट कापून टॉवरवर बसवून बघितलं, स्ट्रटच्या नटाच्या जागी खुणा केल्या, मग ५ मिलिमीटर एमएस (साध्या स्टीलच्या) प्लेटवर उतरवून कापलं. ६ मिमीची प्लेट तयार पडली होती पण मीच नको म्हटलं, कारण त्याच स्टडवर प्लेट घालून वर नट बसवायचा असतो, प्लेट जाड झाली की नटाला आटे कमी पडतात. नट पूर्ण चढून वर दोनेक आटे दिसले पाहिजेत, नाहीतर असली प्लेट लावूच नये, तिथं स्ट्रट लटकलेला आहे राव.

दुसरी गोष्ट, टॅक (जागेवर धरण्यापुरते वेल्डिंगचे ठिपके) मारताना गाडी चाकांवर उभी पाहिजे, जॅकवर नाही. जॅक लावला की टॉवरमधलं अंतर बदलतं आणि मग बार बसवताना पाना लावून ओढाताण करावी लागते, म्हणजे बार बॉडीला कायमचा ताण देत बसतो. मामांनी गाडीवर नुसते टॅक मारले आणि पूर्ण वेल्डिंग बाहेर काढून, जाड चॅनेलला बोल्ट करून मारलं, कारण वेल्डिंग थंड होताना जॉब ओढतं. हे मला सांगावं लागलं नाही, मनात म्हटलं माणूस बरोबर सापडला. टॅक मारायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला मात्र मीच सांगितलं. ट्रॉलीला ईसीएम म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर नसतो, त्यामुळं त्यांना ती सवय नाही.

पाईपच्या बाबतीत आमचं थोडं वाजलं. मामांचं म्हणणं दीड इंची जाड पाईप टाकू, एकदाच काय ते. मी २५ मिमी बाहेरचा व्यास, २ मिमी जाडी, यावर अडून बसलो. हिशेब असा आहे की या पाईपचं वजन मीटरला साधारण सव्वा किलोच्या आत, आणि एक मीटर सरळ पाईपला एक टनाने ओढलं तरी तो ताणला जातो जेमतेम ०.३४ मिमी. आपल्या एस्टीमच्या टॉवरवर एक टन आडवा कधी येणार? म्हणजे पाईप जाड करून काही मिळत नाही, फक्त नाकावरचं वजन वाढतं.

पण हा हिशेब सरळ पाईपचा. खरी गोम इथं आहे. इंजिनवरून, इनटेकवरून न्यायचा म्हणून पाईप मध्येच वाकवला की तो ओढला जात नाही, तो वाकतो, आणि वाकायला पाईप फार सोपा असतो. हाच पाईप मधोमध ६० मिमी वर उचलून नेला आणि टोकं फिरू शकणारी असली तर १०० किलोलाच अर्धा मिमीच्या वर सरकतो, सरळ असता तर ०.०३ वर राहिला असता. वीसपटीच्या आसपास फरक झाला की! बाजारात जे छान कमानीसारखे रंगीत अॅल्युमिनियमचे बार मिळतात त्यात हा एक घोळ, आणि दुसरा म्हणजे अॅल्युमिनियम स्टीलच्या तुलनेत एक तृतीयांशच कडक, त्यामुळं तेवढ्याच मापाचा बार असेल तर ती सजावट समजा. काही बारना दोन्ही टोकांना रॉड एंड म्हणजे फिरणारे सांधे असतात, ते सरळ बारला चालतात, वाकड्याला ती टोकं म्हणजे बिजागरीच.

म्हणून आमचा सगळा वेळ पाईप सरळ कसा नेता येईल यातच गेला. एअर फिल्टरची नळी थोडी खाली दाबून घेतली, ब्रेकच्या मास्टर सिलिंडरपासून बोटभर अंतर ठेवलं, आणि बॉनेट अडतंय का बघायला पाईपवर कणकेचे गोळे ठेवून बॉनेट हळूच लावलं. उघडल्यावर एका गोळ्याची पुरी झालेली, म्हणजे तिथं जेमतेम चारपाच मिमी जागा. इंजिन हलतं तेव्हा पाईप हलत नाही, पण बॉनेट मात्र खड्ड्यात दबतं, म्हणून ती बाजू प्लेटवर जरा खाली घेतली. कणीक मामींच्या डब्यातून आली होती.

आणि टोकांचं. बार चांगला की वाईट हे पाईपवर नाही, टोकांवर ठरतं, हे माझं ठाम मत आहे. १० मिमीचा बोल्ट ११ मिमीच्या भोकात घातला, नट घट्ट असेपर्यंत दाबाने धरतो ठीक आहे, पण आपल्या रस्त्यांवर एकदा सैल झाला की ते भोकातलं एक मिमी म्हणजे एक टनाला पाईप ताणला जातो त्याच्या तिप्पट, मग बार असून नसल्यासारखा. म्हणून भोक टाईट ठेवलं, बोल्ट ८.८ ग्रेडचे, नायलॉक (सहज सैल न होणारे) नट, आणि पाईप प्लेटला नुसता टोकाला न चिकटवता खाली एक त्रिकोणी गसेट म्हणजे आधाराचा तुकडा दिला. तो गसेट नसता तर प्लेट पाण्यात पोहणाऱ्या माशाच्या शेपटीसारखी हलली असती.

फरक किती? बार लावायच्या आधी एक जुगाड केला होता, तो कुणीही करू शकेल. एकात एक सरकणारे दोन पातळ अॅल्युमिनियम पाईप, एक टोक डाव्या टॉवरला, एक उजव्या, आतल्या पाईपवर ओ-रिंग घट्ट चढवलेली. टॉवर जवळ आले की बाहेरचा पाईप रिंगला ढकलतो, रिंग तिथंच राहते. एक घाट मारून आलं की रिंग सरकलेली दिसते, डोळ्याला स्पष्ट. बार लावून तोच पाईप बाजूला धरून तोच घाट मारला तर रिंग जवळपास जागेवर. हातालाही कळतं, वळणात स्टिअरिंग दिल्यावर नाक लगेच ऐकतं, आणि वळणात मधेच खड्डा आला तर गाडीचा पुढचा भाग फुटून वेगळं काहीतरी करतोय असं वाटत नाही. मागच्या बारचा फरक मला फार जाणवला नाही, खरं सांगायचं तर डिकीतली जागा गेली हेच जास्त जाणवलं. बायकोने बॅगा भरताना जे काही ऐकवलं ते इथं लिहीत नाही. मागचा बार बोल्टचा आहे, गावाला जाताना काढून ठेवतो.

एक गैरसमज मात्र काढून टाका. पुढचा बार लावला म्हणजे अख्खी गाडी टाईट झाली असं नाही. तो फक्त दोन टॉवरमधलं आडवं हलणं धरतो, गाडी पुढून मागं पिळते ते पिळणं त्याने विशेष कमी होत नाही. पिळण्याला बंद डबा लागतो. हाच २५ बाय २ चा पाईप ग्राइंडरने लांबीत एक चिर मारून बघा, हाताने पिळेल, जवळपास शंभरपट मऊ होतो. म्हणूनच जुन्या जीपांच्या उघड्या सी चॅनेलच्या चासीला चौथ्या बाजूने पट्टी मारून बॉक्सिंग करतात, तिथं तो खर्च खरंच वसूल होतो. आपल्या मोनोकॉकला दाराखालचे सील (उंबऱ्यासारखा लांब पोकळ पत्रा) आधीच बंद डबे आहेत, ते गंजू न देणं हीच सगळ्यात स्वस्त मजबुती. पावसाळ्याआधी ड्रेनची भोकं काडीने मोकळी करा आणि आत वॅक्स मारा.

आणि म्हणूनच त्या फोमच्या नादाला लागू नका. सीलमध्ये पीयू फोम भरायचा, हलकं आणि कडक, असे व्हिडिओ फिरतात. त्यातला जो इंजिनीअरिंगचा दोन भागांचा दाट फोम असतो तो वेगळा, हार्डवेअरच्या दुकानात दरवाज्याच्या फटी भरायला मिळतो तो डबा वेगळा. तो डबा हवेतल्या ओलाव्याने सुकतो, बंद सीलमध्ये आत ओलाच राहतो, वरून ड्रेनची भोकं बुजवतो, आणि कोकणात दोन पावसाळे काढले की आतून पत्रा खाल्लेला. पुढं कधी तिथं वेल्डिंग करायची वेळ आली तर तो पेटतो आणि धूर विषारी. आमच्या ग्रुपमधल्या एकाने भरलाय, सील ठोकल्यावर आवाज भारी येतो म्हणतो. आवाजच येणार.

सीम वेल्डिंगचं मामांना विचारलं होतं, म्हणजे कंपनीच्या स्पॉट वेल्डच्या मधे मधे इंचभर टाके मारत जायचं, रॅलीच्या गाड्यांना करतात तसं. काम खरंच परिणामकारक आहे पण त्यासाठी आतलं सगळं सामान बाहेर, सीलंट खरवडायचा, पातळ पत्र्यावर सीओटू ने थोडं थोडं थंड करत मारायचं, परत सीलंट, परत प्राइमर. घरच्या गाडीला नको. रोल केज म्हणजे आतला पाईपांचा पिंजरा तर रस्त्यावरच्या गाडीला अजिबात नको, हेल्मेट नसताना डोकं पाईपवर आपटलं की काय होतं ते सांगायला नको.

कायद्याचंही आहेच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल यानुसार कंपनीच्या स्पेसिफिकेशनमध्ये बदल चालत नाही, म्हणून माझं सगळं बोल्टचं आहे, बॉडीला एकही टाका नाही. इन्शुरन्सवाल्याला विचारून ठेवलेलं बरं. आणि हे पण लक्षात घ्या की दोन टॉवर बांधले म्हणजे एका बाजूला जोरात मार बसला तर तो दुसऱ्या बाजूच्या टॉवरपर्यंत पोचू शकतो.

कुणाला करून घ्यायचं असेल तर दोन गोष्टी. पाईप ईआरडब्ल्यू (पत्रा वळवून जोडलेला) चा काळा घ्या, जीआय म्हणजे जस्त चढवलेला घेऊ नका, आणि चुकून घेतलाच तर वेल्डच्या जागचं जस्त आधी ग्राइंडरने पूर्ण घालवा, त्याचा धूर छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो. आणि बसवल्यावर एक घाट मारून परत सगळे नट टाईट करा, माझा डावीकडचा एक चक्क पाव आटा फिरला. स्पॅटरचं मी मामांना परत सांगितलंय, "बॉनेटच्या आत कोण बघतंय" म्हणाले, आणि पुढच्या ट्रॉलीकडं वळले.