जानेवारीत सैनिकांसाठी काय करायचं: पार्सल, पैसे, की शेजारच्या ड्राइव्हवेतला बर्फ?

थँक्सगिव्हिंग ते न्यू इयर या काळात अमेरिकेत सैनिकांसाठी एवढं काही चालू असतं की विचारू नका, ऑफिसात खोके भरतायत, शाळेत पोरं कार्डं रंगवतायत, दुकानात काउंटरवर दोन डॉलर जास्त देणार का म्हणून विचारतायत. आणि 2 जानेवारीला सगळं एकदम चिडीचूप. आता डिप्लॉयमेंटवर, म्हणजे महिनोन्महिने लांबच्या ड्यूटीवर गेलेला माणूस काही ख्रिसमसचं झाड काढून ठेवलं म्हणून घरी येत नाही, तो अजून कित्येक महिने तिकडेच असतो, आणि बायको (किंवा नवरा, आमच्या शेजारी बायको नेव्हीत आहे आणि तो दोन मुलांना घेऊन घरी) एकटीच सगळं रेटत असते. म्हणून ज्यांना खरंच काही करायचंय पण नक्की काय ते ठरत नाहीये, त्यांच्यासाठी हे. मी यातलं बरंचसं करून बघितलंय, काही चुकलंही.

सगळ्यात आधी एक गोष्ट स्वतःला विचारा, तुम्ही तिकडे गेलेल्या कोणाला ओळखता का? पुढचं सगळं त्यावर आहे.

ओळखत असाल तर पार्सल छानच. एपीओ किंवा एफपीओच्या (म्हणजे सैन्याच्या आणि नेव्हीच्या टपालाच्या) पत्त्यावर पाठवायचं तर पोस्टाचा दर देशातलाच लागतो, माणूस जर्मनीत असो नाहीतर जपानमध्ये, आणि मोठ्या फ्लॅट रेट खोक्याला या पत्त्यांसाठी थोडी सूटही असते. पण कस्टम्स फॉर्म भरावा लागतो, आणि पत्त्यात देशाचं नाव चुकूनही लिहायचं नाही, नुसतं एपीओ एई वगैरे आणि झिप कोड, नाहीतर खोका परदेशी टपालात जाऊन भटकत बसतो. कुठल्या झिप कोडला काय चालत नाही तेही वेगवेगळं असतं, दारू तर कुठेच नाही, काही ठिकाणी पोर्क नाही, तेव्हा पोस्टाच्या साइटवर बघूनच भरा. मी पहिल्यांदा सुगंधी साबण आणि खाऊ एकाच खोक्यात घातले होते, तीन आठवड्यांनी तिकडून मेसेज आला की बिस्किटं छान होती फक्त लॅव्हेंडरची लागली. तेव्हापासून साबण वेगळा, दोन पिशव्यांत.

पार्सलचा तोटा म्हणजे वेळ. दोन-तीन आठवडे धरूनच चाला, जहाजावर असेल तर त्याहून जास्त, म्हणजे व्हॅलेंटाइनला पोचावं असं वाटत असेल तर जानेवारीतच हलायला हवं. आणि डिसेंबरमध्ये तिकडे चॉकलेटचा डोंगर झालेला असतो, त्यामुळे आता मोजे, लिप बाम, ओले वाइप्स, कॉफी असलं काहीतरी. किंवा सरळ विचारा ना काय हवंय.

कोणालाच ओळखत नसाल तर मात्र "कोणत्याही सैनिकाला" असं लिहून पाठवता येईल या भ्रमात राहू नका. ती सोय 2001 मध्येच सुरक्षेसाठी बंद केली. मग मधे संस्था लागते. ऑपरेशन ग्रॅटिट्यूड (2003 पासून, सुरुवात कॅलिफोर्नियात) तुमची पत्रं घेऊन त्यांच्या खोक्यांत घालते, सोल्जर्स एंजल्स ही पण 2003 ची, तिथे तुम्हाला एक सैनिक जोडून देतात, पण मग दर आठवड्याला पत्र आणि महिन्याला पार्सल असं बांधून घ्यावं लागतं. ऐकायला फार गोड वाटतं. पण खरं सांगू का, फेब्रुवारीत तुमच्या ऑफिसचं काम वाढलं आणि पत्र थांबलं तर तिकडच्या माणसाला ते जाणवतं, त्यापेक्षा सुरूच न केलेलं बरं. ज्यांना स्वतःचा स्वभाव माहीत आहे त्यांनी नुसती पत्रं निवडावी, घरात मुलं असतील तर हे बेस्टच, एक रविवार दुपार जाते आणि तिकिटाशिवाय खर्च नाही. मुलांचं आडनाव, पत्ता लिहू नका, राजकारण नको, आणि "लोकांना मारून लवकर या" छापाची वाक्यं लहान मुलं खरंच लिहितात हो, तेवढी वाचून काढा.

आता पैसे. लोकांना हे कोरडं वाटतं पण माझ्या मते अनोळखी माणसासाठी वस्तूपेक्षा पैसेच चांगले, फक्त कुठे ते बघून. जानेवारीत क्रेडिट कार्डाची बिलं येतात, गाडी थंडीत बंद पडते, आणि तरुण सैनिकाचा पगार काही फार नसतो. अशा वेळी आर्मी इमर्जन्सी रिलीफ (1942) किंवा नेव्ही-मरीन कोअर रिलीफ सोसायटी (1904 ची, म्हणजे पहिल्या महायुद्धाच्याही आधीची) बिनव्याजी कर्ज देतात, गरज तशी असेल तर ग्रँटही, म्हणजे परत न करायचे पैसे. म्हणजे तोच माणूस पे-डे लोनवाल्याच्या, म्हणजे पगारापर्यंत भरमसाट व्याजाने पैसे देणाऱ्याच्या तावडीत जायचा वाचतो. यूएसओ (1941) वेगळ्या कामाची, एअरपोर्टवर आणि बेसवर सैनिकाला बसायला, घरी फोन करायला जागा. दोन्ही चांगल्या, पण मला एकच निवडायची असेल तर मी रिलीफ सोसायटी घेईन, आणि एकदम डिसेंबरमध्ये न देता दर महिन्याला थोडे. फोनवर पैसे मागणाऱ्याला कार्ड नंबर देऊ नका, नावात "हिरो" आणि "व्हेटरन" असलं म्हणून संस्था खरी असते असं नाही, आयआरएसच्या (टॅक्स खात्याच्या) साइटवर नाव टाकून बघा आणि फॉर्म 990 मध्ये, म्हणजे संस्थेच्या वार्षिक हिशोबात, खर्च कशावर झालाय ते चाळा, पाच मिनिटांचं काम आहे.

पैसे नसतील पण विमानाचे माइल्स पडून असतील तर ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे. फिशर हाउस फाउंडेशन मिलिटरी आणि व्हेटरन्स हॉस्पिटलजवळ पेशंटच्या घरच्यांना फुकट राहायला देतं, 1990 पासून, आणि त्यांच्या हिरो माइल्स योजनेत तुम्ही दिलेल्या माइल्सवर जखमी किंवा आजारी सैनिकाच्या घरच्यांना तिकीट मिळतं. आपले वर्षानुवर्षं जमवलेले आणि शेवटी एक्स्पायर होणारे माइल्स, त्यातून कोणाची तरी आई हॉस्पिटलला पोचते. याला मी पार्सलच्या वर ठेवते.

कूपन्सचंही तसंच आहे, परदेशातल्या बेसवरच्या कमिसरीत (सैनिकांच्या किराणा दुकानात) कंपनीची सवलतीची कूपन्स मुदत संपल्यावर सहा महिन्यांपर्यंत चालतात, अमेरिकेतल्या बेसवर नाही. कापून, वेगळी लावून पाठवावी लागतात. हौस असेल तरच.

आणि वेळ. शेजारी मिलिटरी फॅमिली असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा, बाकी कशाचीच याच्याशी तुलना नाही. फक्त "काही लागलं तर सांगा" म्हणू नका, कोणी सांगत नाही. मीही सुरुवातीला तेच म्हणायचे आणि तो हसून थँक्यू म्हणायचा, संपलं. मग एकदा बर्फ पडल्यावर न विचारताच आमच्याबरोबर त्यांचा ड्राइव्हवे काढला, आणि पुढच्या आठवड्यात मेसेज टाकला की गुरुवारी स्विमिंगला माझ्या मुलाला नेतेच आहे, तुमची दोघं पण नेऊ का. लगेच हो आलं. दिवस आणि काम ठरवून विचारलं की हो म्हणणं सोपं जातं. टॅक्सचे दिवस जवळ आलेत तर मिलिटरी वनसोर्सकडून (सैनिक आणि घरच्यांसाठीची सरकारी मदत सेवा) मिलटॅक्सचं टॅक्स भरायचं सॉफ्टवेअर आणि सल्ला फुकट मिळतो एवढं सांगितलं तरी उपयोग होतो, सगळ्यांना माहीत असतंच असं नाही. फक्त डिप्लॉयमेंटवरची शेजारीण कधी परत येणार, तिचं जहाज कुठे आहे हे फेसबुकवर लिहू नका, प्रेमाने पण नको. आणि तारीख पुढे गेली तर मुलांसमोर "अरेरे" करू नका, त्यांना आधीच कळलेलं असतं.

आमच्याकडे यंदा माइल्स देऊन झालेत, नेव्हीच्या सोसायटीला महिन्याचं लावलंय, पार्सल एकच, तेही तिने मागितलेल्या कॉफीचं. आणि गुरुवारी गाडीत मागे तीन मुलं, तीन ओले टॉवेल.