10 जीबीत चवथ: आरत्यांच्या साइटचा सव्वा वर्षाचा अनुभव

7 सप्टेंबर 2024, चवथीची, म्हणजे गणेश चतुर्थीची, संध्याकाळ. गोव्यात साखळी गावी आमच्या घरात सगळे आरतीला उभे, घुमट (मातीचं चर्मवाद्य) गळ्यात, जोडीचा शामेळ हा ढोल तयार. तिसऱ्या आरतीचं दुसरं कडवं कुणालाच धड आठवेना, म्हणून पुतण्याने मोबाइलवर साइट उघडली. माझीच साइट. पांढऱ्या पानावर फक्त ‘509, बँडविड्थ लिमिट एक्सीडेड’. साइटवरून महिन्याला पाठवता येणाऱ्या डेटाचा 10 जीबीचा कोटा सातव्या दिवशीच संपला होता.

ही साइट गोव्यात घरोघरी म्हटल्या जाणाऱ्या मराठी आरत्यांची. वर्षभर तिच्याकडे कुत्रं फिरकत नाही, आणि चवथीच्या आठवड्यात सगळा गाव एकदम दारात. होस्टिंगवाल्याने अर्थातच पाचपट मोठा प्लॅन सुचवला. तो न घेता मी साइटच हलकी करायला घेतली. त्याला आता सव्वा वर्ष झालं.

सगळ्यात जास्त फरक पडला तो टायपिंगने. आधी मी जुन्या वहीची पानं स्कॅन करून जेपीईजी तशीच चढवली होती, प्रत्येक पान जवळजवळ 3 एमबी. म्हणजे 10 जीबीत साधारण 3,400 वेळा एखादं पान बघितलं की खेळ खलास. पावसाळ्यात बसून सगळ्या आरत्या युनिकोडमध्ये उतरवल्या. यूटीएफ-8मध्ये, म्हणजे युनिकोड साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट खातं. ‘घुमट’ एवढा शब्द, उकार धरून, 12 बाइटचा. महाग वाटतं खरं. पण त्या तीनपैकी पहिले दोन बाइट जवळपास तेच तेच येत राहतात, त्यामुळे सर्व्हरवर जीझिप (पुन्हा पुन्हा येणारा मजकूर आवळून पाठवायची सोय) चालू केलं की मराठी मजकूर मस्त आवळला जातो. ध्रुपद तर प्रत्येक कडव्यानंतर येतंच, तेही जीझिपच्या पथ्यावर! आता अख्खी आरती दोन-तीन केबीत जाते. केरीच्या मित्राकडे रेंजची एकच दांडी असते, त्याच्याकडेही पान उघडतं.

ऑडिओने मात्र रडवलं. पाच मिनिटांची आरती 320 केबीपीएसच्या (सेकंदाला 320 किलोबिट) एमपी3मध्ये 12 एमबी होते. उत्साहाच्या भरात सगळ्या 64वर आणल्या, 2.4 एमबी. घुमटाचा घुमारा बऱ्यापैकी टिकला, पण कांसाळी (झांजा) पत्र्याच्या डब्यावर चमचा मारल्यासारखी वाजायला लागली. शेवटी 96वर थांबलो, 3.6 एमबी. खरी बचत झाली ती ऑडिओच्या टॅगमध्ये ‘प्रीलोड’ला ‘नन’ लिहिल्याने. नाहीतर कुणी प्ले न दाबताही ब्राउझर फाइल ओढायला लागू शकतो, आणि माझ्या एका पानावर अशा आठ फाइली होत्या.

माटोळीचे (गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या छताचे) फोटो वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये केले आणि खालच्यांना लेझी लोडिंग लावलं, म्हणजे तिथपर्यंत गेल्यावरच फोटो उतरतो. त्यात सांगण्यासारखं काही नाही, लावा आणि विसरा.

कॅशिंगबद्दल मात्र सांगायलाच हवं, कारण तिथे मी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. साइट ज्यावर चालते ते वर्डप्रेस प्रत्येक भेटीला पीएचपी आणि डेटाबेस हलवून पान नव्याने शिजवतं. कॅशिंग प्लगइन तेच पान तयार करून ठेवतं आणि सर्व्हरचा श्वास मोकळा होतो. इथपर्यंत झकास. पुढे मी कुठून तरी उचललेल्या चार ओळी एचटीअॅक्सेस या सर्व्हरच्या सेटिंग फाइलमध्ये चिकटवल्या. फोटो, सीएसएस, एचटीएमएल, सरसकट सगळ्यांना एक वर्षाची मुदत! यंदा, म्हणजे 2025ला, 27 ऑगस्टला चवथ होती. दोन दिवस आधी एका आरतीतली गाळलेली ओळ मी दुरुस्त केली. चवथीच्या संध्याकाळी म्हार्दोळहून ओळखीच्या बुवांचा फोन: “अरे, तुजें तें कडवें आजून चुकीचेंच दिसता मरे!” त्यांच्या मोबाइलने जुलैतलं पान जपून ठेवलं होतं, आणि वर्षभर सर्व्हरला विचारायचंच नाही हे मीच त्याला सांगितलेलं. पान रिफ्रेश करायला सांगितलं, ओळ आली. पण असा फोन मी किती जणांना करणार?

आता वर्षाची मुदत फक्त फोटो, फॉन्ट आणि सीएसएसला आहे, आणि त्यात बदल केला की फाइलचं नावच बदलतो. आरतीच्या पानांना ‘नो-कॅश’. नाव फसवं आहे: पान साठवू नको असा त्याचा अर्थ नाही (त्यासाठी ‘नो-स्टोअर’), वापरण्याआधी विचार एवढाच. बदल नसेल तर सर्व्हर नुसतं 304 (‘बदल नाही’) सांगतो, पान पुन्हा पाठवत नाही.

आणि बॉट, म्हणजे आपोआप साइटी चाळत फिरणारे प्रोग्राम! लॉग उघडून बघितला तर मार्चमध्ये, चवथीचा मागमूस नसताना, रात्री तीन वाजता कुणीतरी ओळीने सगळ्या एमपी3 उतरवतोय. रोबोट्स.टीएक्सटी ही विनंतीवजा पाटी आहे. सभ्य बॉट ती वाचतात, बाकीचे ‘कुत्र्यापासून सावध’ वाचून आत शिरणाऱ्यांपैकी. त्यांना नावं बघून एचटीअॅक्सेसमध्येच 403 (‘प्रवेश नाही’) दाखवतो. नावं बदलून परत येतात, महिन्यातून एकदा हे खुरपणं करावंच लागतं.

मोफत सीडीएनही (साइटच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवरून देणारी सेवा) पुढे लावलं आहे. भार बराच कमी झाला, पण दुरुस्तीनंतर तिथलीही कॅश पुसायची आठवण ठेवावी लागते.

तक्रार एकच आली, तीही घरातून. काकांना टाइप केलेला मजकूर नको, त्यांना त्यांच्या वडिलांच्या हस्ताक्षरातली वही हवी. म्हणून प्रत्येक आरतीखाली स्कॅनची लिंक परत दिली आहे, शेजारी ‘2.8 एमबी’ असं लिहून. यंदाच्या ऑगस्टचा आकडा 6 जीबीच्या आत राहिला. जानेवारीत नूतनीकरण आहे, तोच 10 जीबीचा प्लॅन घेतोय.