कॉर्ड ब्लड बँक : रक्त नीट घेतलं, पण विकताना जे सांगितलं ते पटलं नाही

मी इंदूरच्या रक्तपेढीत टेक्निशियन होते. सूनबाईच्या बाळंतपणाआधी खासगी कॉर्ड ब्लड बँकेचा, म्हणजे बाळाच्या नाळेतलं रक्त पुढे उपचाराला लागेल म्हणून पैसे घेऊन गोठवून ठेवणाऱ्या कंपनीचा, प्रतिनिधी तिलकनगरला घरी आला, तेव्हा मी समोरच बसले. कंपनीचं नाव लिहीत नाही.

काम चोख. रात्री फोन केला तरी माणूस हजर. नाळ कापल्यावर तिच्या शिरेत सुई घालून रक्त पिशवीत उतरवलं, आई-बाळाला काही जाणवलंही नाही. नाळ कापायची घाई करायची नाही, हे मी डॉक्टरांना आधीच सांगून ठेवलं होतं. जागतिक आरोग्य संघटना निदान १ मिनिट थांबायला सांगते, कारण ते रक्त आणि त्यातलं लोह बाळाच्या हक्काचं. पिशवी थोडी कमी भरली. भरू दे! रिपोर्टही व्यवस्थित आला: एकूण पेशी, सीडी३४ (रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशींची मोजणी), जंतुसंसर्गाची तपासणी, सगळं.

राग आला तो प्रतिनिधीच्या बोलण्याचा. "उद्या बाळाला थॅलेसेमिया झाला तर हेच रक्त कामी येईल." अहो, थॅलेसेमिया हा रक्ताचा आजार जनुकातून येतो, तो दोष नाळेच्या रक्तातही असणारच! ल्युकेमियातही (रक्ताच्या कर्करोगात) मुलाचं स्वतःचं रक्त सहसा वापरत नाहीत, आजाराची बीजं त्यात आधीपासून असू शकतात. शिवाय प्रत्यारोपणाला रुग्णाच्या दर किलो वजनामागे साधारण २.५ कोटी पेशी लागतात, म्हणजे एक पिशवी मोठ्या माणसाला बहुधा पुरत नाही.

खरा उपयोग दुसऱ्यासाठी. १९८८ साली पॅरिसमध्ये डॉ. ग्लुकमन यांनी नाळेच्या रक्ताचं पहिलं प्रत्यारोपण केलं, तेव्हा फॅन्कोनी अ‍ॅनिमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेचं रक्त दिलं होतं. घरात मोठ्या मुलाला थॅलेसेमिया असेल, तर धाकट्याचं रक्त जरूर जपा. सख्ख्या भावंडाचं पूर्ण जुळायची शक्यता चारात एक असते. बाकीच्यांनी खासगी साठवण करावी, असं आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) ही म्हणत नाही. त्यापेक्षा गरोदरपणाच्या सुरुवातीलाच एचबीए-२ तपासून घ्या; थॅलेसेमियाचा दोष अंगात आहे का, म्हणजे आपण वाहक आहोत का, ते या रक्ततपासणीत कळतं. इंदुरात सिंधी कुटुंबं पुष्कळ, त्यांच्यात वाहक जास्त आढळतात, पण मराठी घरांनीही टाळू नये.

मुलगा-सुनेनं पैसे भरले, तो त्यांचा निर्णय. कामाला ४ तारे, विक्रीला १. सही करण्याआधी प्रतिनिधीकडून एवढं लेखी घ्या: माझ्या बाळाच्या कोणत्या आजारात त्याचंच रक्त चालेल, आणि आजवर तुमच्याकडच्या किती पिशव्या प्रत्यक्ष रुग्णाला दिल्या गेल्या.